सात सर्जा आणि एक पान

सर्जा. सर्जा. शिंगांचा रंग वाळला नव्हता. लॅपटॉपचा चार्जर सैल. सर्जा. चुलीवर वांगी करपली. यादीत आणखी चार सर्जा.

वैभवीला स्वस्थ बसवत नव्हतं. गावच्या पोळ्याचं वेबपान तिनं एकटीनं केलं होतं. वर बैलांच्या नावांची अनुक्रमणिका. नाव दाबलं की पान खाली त्या बैलाच्या फोटोपाशी जायचं. उकंडराव, तिचे बाबा, म्हणाले होते, "पान चाललं तं पुन्याले नोकरीवर जाय. नाही तं सोयाबीन हायेच."

तेवढ्यात शेजारचे दौलतसिंग मोबाइल नाचवत आले. "पोरी, माह्या सर्जाले दाबलं तं तुह्या बापाचा बैल काहून दिसून राह्यला?"

गावात बैलाला सर्जा म्हणायची रीतच. सर्जा म्हटलं की पान बिचारं पहिल्याच सर्जापाशी थांबे. वैभवीनं पुढच्यांना आकडे जोडले: सर्जा, सर्जा-१, सर्जा-२...

"माह्या बैलाले तीन नंबर?" दौलतसिंग कडाडले. "तोरनाखाली मान कोनाचा, हे आता तुहा डब्बा ठरवन?"

मागे दुसऱ्या एका सर्जाचा मालक धनराज उभा, त्याच्यामागे अर्धं गाव. सगळ्यांना बिनआकड्याचाच सर्जा हवा. तिनं आकडे पुसून मालकांची नावं जोडली. गाव पांगलं. पण बाबांचेच दोन 'उकंडरावचा सर्जा' एकमेकांवर आपटले. जुना राजा गेल्यावर त्यांनी कामरगावहून आणला, तोही सर्जाच.

"बाबा, नव्याचं नाव म्या राजा केलं."

"त्याले सांगतलं काय?"

संध्याकाळी तोरणाखाली पोळ्याची पुकार करणारा सेवादास भोंग्यावर पान वाचू लागला. "उकंडरावचा राजा!"

बैल रवंथ करत उभा.

"राजा, ये ना बाप्पा!"

एक कान हलला.

"अबे, सर्जा म्हन त्याले!" उकंडराव ओरडले.

सेवादासनं भोंग्यातच आरोळी ठोकली, "सर्जाऽऽ!"

सातही निघाले. तोरण गेलं, मांडव गेला, दौलतसिंगांचा फेटा कुणाच्या तरी शिंगावर बसून गेला. पोळा मुहूर्ताआधीच फुटला.

वैभवी लॅपटॉप पोटाशी धरून ओट्यावर बसली. "झालं. आता सोयाबीन."

उकंडराव धापा टाकत आले, मोबाइल पुढे धरून. "दोघायले येगयेगळं दाबून पाह्यलं. बराबर जाते. बैल चुकले, पान नाही चुकलं."

पुण्याला निघायला उद्याच्या जीपमध्ये तिची जागा त्यांनी सकाळीच धरून ठेवली होती.