वरून आलेलं 'पाहिले'

सरकारला सत्ता कुठून मिळते, हा प्रश्न विचारवंतांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. ती वरून मिळते. पूर्वी हे 'वर' आभाळात होतं, मग ते राजवाड्यात आलं आणि कागदाचा शोध लागल्यावर जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेलं. (लिफ्ट मंजूर झालेली आहे.)

त्या मजल्यावर कार्यालयाच्या जुन्या कागदांची खोली होती आणि तिथे एक मावशी बसत. त्यांचं काम एकच. फाईल उघडायची, झटकायची, वाळवी लागली आहे का बघायचं आणि नसेल तर कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहायचं. अक्षर मोत्यासारखं, तेव्हा अक्षरावर नोकरी मिळत असे.

एकदा खाली नवे साहेब आले. समोरच्या फायलीचं काय करावं हे न कळल्यामुळे (साहेब होण्याची ही पहिली पायरी) ते म्हणाले, "वर पाठवा." त्यांच्या मनात मुख्यालय होतं. शिपाई सरळमार्गी होता; तो जिना चढला. मावशींनी फाईल झटकली. वाळवी नव्हती. 'पाहिले' लिहिलं. पूल मंजूर झाला.

सव्वीस वर्षांत वर गेलेल्या फायली: ४,३१२. 'पाहिले' होऊन परतलेल्या: ४,३०९. चहा सांडलेली: एक. (अर्थ लावण्यासाठी समिती नेमली आहे.) उरलेल्या दोन फायलींवर मावशींनी प्रामाणिकपणे 'आत खाल्लेले आढळले' असं लिहिलं, आणि दोन्ही वेळा खालचे साहेब त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन गेले. इतका स्वच्छ कारभार लोकांनी आधी पाहिला नव्हता. या काळात सरकारं पाच वेळा बदलली. दर वेळी खालच्या भिंतीवरचे फोटो बदलले. वर खिळाच नव्हता.

मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. हल्ली कोऱ्या फायलींनाही वाळवी लागत असावी, एवढंच त्या समजून होत्या. त्यांची खरी काळजी गुडघ्यांची. जिन्याला बेचाळीस पायऱ्या. शेवटी त्यांनी अर्ज केला: 'गुडघ्यांच्या कारणास्तव खाली जागा मिळावी.' अर्ज रीतसर खाली गेला आणि रीतसर वर आला. मावशींनी झटकला. वाळवी नव्हती.

सोमवारी त्या पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन खाली येऊन बसल्या.

हेडक्लार्कचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही खाली आलात, तर वर कोण आहे?"

"कबुतरं."

"चेष्टा नको. 'पाहिले' कोण करणार?"

"त्याला काय लागतं? डोळे असले की झालं. वाळवी दिसते की लगेच."

"वाळवी?" हेडक्लार्क मटकन खाली बसले. (खुर्ची होती.)

पण माणूस सज्जन. ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेरच्या रांगेला म्हणाले, "वर कोणी नाही. कधीच नव्हतं. आता तुम्हीच ठरवा, आम्ही लिहून घेतो."

सत्ता लोकांच्या हाती आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती चार मिनिटं टिकली.

"मी नुसता दाखल्याला आलोय," पहिला म्हणाला.

"माझी बस चुकेल," दुसरी म्हणाली.

निवृत्त मास्तरांनी विचारलं, "ठरवायचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "वर कोणीतरी असलेलं बरं असतं बाबा." हा ठराव एकमताने मंजूर झाला.

चौघांनी मावशींना खुर्चीसकट उचललं.

"अहो, ठेवा मला खाली. माझा अर्ज मंजूर आहे."

"कोणी केला?"

"मीच."

"बघा," मास्तर रांगेला म्हणाले, "म्हणजे वरच्याच की या."

जिना चढताना तिघांची तोंडं त्यांनी नीट पाहून ठेवली. चौथा खुर्चीच्या मागे होता, तो दिसला नाही. त्याचा आवाज तेवढा त्यांच्या लक्षात राहिला. "जरा जपून हं, मावशींचे गुडघे दुखतात." मोठा समंजस, चार पुस्तकं वाचलेल्या माणसाचा आवाज होता. आपण त्या सोमवारी कुठे होतात?