तरेकाकांची जेली

पार्टीला जेली प्यायला देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या आळीत एक होता. तरेकाका.

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. मे महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी आमची आळी टेम्पोत बसून अंजूरला, आंब्याच्या झाडांखाली जेवायला जायची. ऐंशीच्या दशकात असल्या जेवणाला पार्टी म्हणायची नवी हौस आली होती. मटण तिथेच शिजे, गोड ज्यानं त्यानं घरून आणायचं. हमीदाभाभी सांदणं आणत, माझी बायको आम्रखंड. आणि तरेकाका जेली.

काका सायझिंगमध्ये सुपरवायझर. दिवसभर सुताला खळ द्यायची आणि संध्याकाळी आम्हाला शहाणपण.

"सांदणं?" ते नाक मुरडत. "तांदूल भिजवा, वाटा, उकडा. पार्टीला कसं, सोपं पायजे. पानी तापवा, पुडी टाका, जेली तयार. पाच मिन्टांचं काम हाय!"

आता जेली गोठायला थंडावा लागतो, आणि काकांकडे फ्रिज नव्हता. मग ते कशेळीच्या कोळणीकडून मासळीचा बर्फ आणत, त्यात पातेलं रोवत, वर गोणपाट टाकत आणि टेम्पोत ते सगळं गुडघ्यांत धरून बसत. अंजूरपर्यंतचे खड्डे, वर मे महिन्याचं ऊन. झाकण उघडलं की आत लालभडक पाणी, आणि त्याला बोंबलाचा वास. तरी काका डाव घेऊन उभेच. "हलू घ्या, मोडंल!" काय मोडणार होतं, कपाळ!

लोक तोंडदेखलं कपात घेत आणि झाडामागे ओतत. काकू पडघ्याला भावाकडे जाऊन राहिल्या होत्या. जेलीला कंटाळूनच गेल्या असणार, असं आम्ही आपसांत म्हणायचो. बरं, माणूस सुधारेल म्हणावं, तर पुढच्या वर्षी त्याच पातेल्यात पिवळी जेली.

शेवटी एका वर्षी आळीतल्या बायकांनी जेली बंद करायचं ठरवलं आणि सांगायला मला पुढे केलं. "काका, यंदा तुम्ही नुसते या. गोडाचं आम्ही बघतो."

काका "बरं" म्हणाले. इतक्या सहज सुटका झाली म्हणून मी खूश.

पार्टीच्या दिवशी टेम्पो भरला, काकांचा पत्ता नाही. हमीदाभाभी म्हणाल्या, "जावा, घेऊन या. आपल्याबिगर कोन हाय त्यांना?" मी चरफडत गेलो. काका इस्त्रीचा सदरा, पायात चपला, असे तयार होऊन ओट्यावर बसले होते. शेजारी पातेलं, वर गोणपाट.

"काका, नको म्हटलं होतं ना?"

"म्हनून तर बसलोय," ते म्हणाले. "तुमी जावा. नुसता येवाला मना जमत न्हाय."

"का नाही जमत?"

"रिकाम्या हातानं आलो का लोक इचारतात, वयनी न्हाय आली? कवा येनार?" ते गोणपाट सारखं करत राहिले. "जेली आनली का सगली जेलीला हसतात. मंग माज्याकडं कोन बगत न्हाय."

इतकी वर्षं या माणसाला मी मूर्ख समजत होतो. मी पातेलं उचललं. "चला," म्हटलं, "टेम्पो थांबलाय."

अंजूरला झाकण उघडलं. यंदा हिरवं पाणी. बंद केलेली जेली पुन्हा आलेली बघून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात एकीनं मायेनं विचारायला तोंड उघडलंच, "काका, काकू यंदा..."

"काका!" मी ओरडलो. "हे प्यायचं, का यात बोंबील सोडायचे?"

हशा पिकला. मग काय, सगळी आळी जेलीवर तुटून पडली. कुणी म्हणालं डबक्यातून आणली, कुणी म्हणालं सायझिंगची खळ आहे. काका डाव घेऊन ताठ उभे राहिले.

"हसा, हसा! पाच मिन्टांचं काम हाय, तुमच्यानं व्हायचं न्हाय!"

मी कप पुढे केला. संपवला, आणि पुन्हा मागून घेतली. भयंकर होती.