पाखरं कुणाच्या नावावर?

साहेबाला पाखरांचा नाद होता आणि मीरासाबला साहेबाचा. गादीवर शाहू महाराज होते त्या काळातली ही गोष्ट. कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि त्या खुर्चीकडे मीरासाब असा टक लावून बघायचा, की खुर्चीलाच लाज वाटावी. एके दिवशी साहेबानं सहज विचारलं, "तुला पक्षी आवडतात?"

मीरासाबनं ताटाबाहेरचं पाखरू कधी नीट पाहिलं नव्हतं. पण साहेबासमोर कारकुनाची मान एकाच दिशेनं हलते. "आवडतात म्हणजे? जीव की प्राण, हुजूर!"

साहेब इतका खूश झाला, की त्यानं स्वतःची दुर्बीण दिली, वर चार दिवसांची रजा दिली आणि फर्मावलं, "गडमुडशिंगीला जा. काय काय दिसलं ते येऊन सांग. मग खुर्चीचं बघू."

साहेब पाखरं बघायला मडमेला बरोबर नेत असे. त्याअर्थी या कामाला बायको लागतेच असा नियम असणार, असं धरून मीरासाबनं घरी येऊन बोचकं बांधायला सांगितलं.

"पाखरं बघाय गावाला कशाला?" मेहमुदा म्हणाली. "कौलावर कावळं हायत की!"

"ते फुकटचं बघणं. हे सरकारी हाय."

मेहमुदाला पाखरांचं सोयरसुतक नव्हतं, पण चार दिवस चूल सुटणार होती. परसातल्या कोंबड्या शेजारच्या खैरुनबीवर सोपवून ती नवं लुगडं नेसून छकड्यात बसली.

गडमुडशिंगीत मीरासाबच्या वडिलांचे जुने दोस्त आकारामतात्या राहत. त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं, खोली झाडून दिली, गूळपाणी दिलं. तात्यांनी विचारलं, "पावणं, काय काम काढलंसा?"

"पाखरं बघाय आलोय."

"बघून?"

"बघून काय? नुसतं बघायचं."

तात्यांनी मान डोलावली आणि ते तडक चावडीवर गेले. "सरकारी माणूस, सरकारी दुर्बीण, आन म्हणतोय नुसतं बघाय आलोय! सरकार कवा नुसतं बघतंय व्हय? आदी माणसं मोजली, मग गुरं मोजली. आता पाखरं. ज्याच्या रानात जेवढी बसतील तेवढी त्याच्या नावावर चढणार, आन मग पट्टी!"

गावाला ते लगेच पटलं. सरकारबद्दलची वाईट बातमी पटायला पुरावा लागत नाही.

सकाळी मीरासाब जोतीरामच्या शाळवाच्या बांधावर दुर्बीण लावून बसला. शेजारी मेहमुदा छत्री धरून, मडमेसारखी. एक बगळा दिसायच्या बेतात होता, तेवढ्यात जोतीरामची गोफण भिरभिरली, पत्र्याचा डबा बडवला गेला आणि रान मोकळं झालं. सगळी पाखरं शेजारच्या बाळासोच्या उसात गेली. मीरासाब तिकडं वळला, तर बाळासो हलगी घेऊन तयारच होता. पाखरं परत जोतीरामच्या डोक्यावर.

"आरं, तुझी पाखरं माझ्या नावावर चढवतोस व्हय रं?" जोतीराम गरजला.

"माझी कशी? तुझ्याच बांधावर जलमल्यात ती!"

"आन मागल्या साली बांध कोरलास, तवा त्यो तुझा हुता न्हवं?"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मधे पडलेल्या मीरासाबची टोपी पाटाच्या चिखलात गेली. दुर्बिणीतून त्या दिवशी त्याला एवढंच दिसलं: जोतीरामचं उघडं तोंड, अगदी जवळून.

दुपारी त्यानं चावडीवर जाऊन शपथ घेतली. "पट्टी न्हाई, मोजणी न्हाई. कुणी भिऊ नगा!"

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर जे जे वसूल झालं होतं, त्याची सुरुवात 'भिऊ नका' अशीच झाली होती. आता शंकेला जागाच उरली नाही.

दिवेलागणीला मीरासाब खोलीवर आला, तर मेहमुदा बाजल्यावर पाय वर घेऊन बसलेली. बाजल्याखाली, कोनाड्यात, बोचक्यावर, जिकडं बघावं तिकडं कोंबड्या.

"हे काय?"

"आख्ख्या गल्लीच्या हायत. बनाबाई सोडून गेली. म्हणली, मोजणारा गावभर हिंडंल, सोताच्या खोलीत कशाला मोजंल?" मेहमुदानं नव्या लुगड्याचा खराब झालेला पदर झटकला. "पाखरं बघायची हुती न्हवं? बघा की आता!"

रजा संपेपर्यंत गावातले कावळेसुद्धा परागंदा झाले. परतीच्या वाटेवर मीरासाब हिशोब मांडत होता. खुर्ची गेली, हे उघडच होतं. चार पाखरं पदरची सांगावीत, तर साहेब चोचीचा रंग विचारणार. त्यानं खरं सांगायचं ठरवलं. कारकुनावर अशी वेळ क्वचित येते.

"हुजूर, एकपण पाखरू दिसलं नाही. त्याचं काय झालं..."

"एकही नाही?" साहेब ताडकन उठला. "म्हणजे पक्षी नाहीसे होत चालले!"

"तसं नव्हं हुजूर, लोकांनी..."

"लोकांनी काळजीच घेतली नाही! आता मोजणी केलीच पाहिजे. गावातसुद्धा आणि शहरातसुद्धा. रानातले, घरातले, पाळलेले, सगळे. ज्याच्या जागेत जेवढे, तेवढे त्याच्या नावावर. खर्चासाठी थोडी पट्टी बसवू. आणि या कामाला तुझ्याइतका पक्षिवेडा माणूस मला कुठं मिळणार? आजपासून तू हेडक्लार्क!"

आता आकारामतात्यांना तोंड कसं दाखवायचं, असा विचार मीरासाबच्या मनात आला. खरोखरच आला, आणि त्याला वाईटही वाटलं. मग तो खुर्चीत बसला. गादी चांगली मऊ होती.

संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी पोचला. मेहमुदाचा आनंद गगनात मावेना. तिनं पेढा त्याच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "आन काम काय म्हणायचं?"

"पाखरं मोजायची. ज्याच्या आवारात सापडतील, त्याच्या नावावर चढवायची. मग पट्टी."

"पाळलेली बी?"

"पाळलेली बी. पण तू भिऊ नगंस."

पेढा तिच्या हातातच राहिला. तो तिनं ताटलीत ठेवला आणि ती थेट परसात गेली. थोड्याच वेळात मागच्या भिंतीपाशी फडफड ऐकू आली आणि पाठोपाठ तिचा दबका आवाज:

"खैरुनबी, ह्या तेवढ्या तुझ्याकडं धर गं. घरात सरकारी माणूस आलाय."