बर्गनला विगो म्हणणारी माणसं

"सारखं सारखं मीच काय म्हणून मठ्ठ ठरायचं?" डोरीन कपबशा विसळता विसळता पुटपुटली. "मागच्या मंगळवारी नॉर्वेतल्या बर्गनला मी स्पेनमधलं विगो म्हटलं. बर्गनला. ती रंगीत लाकडी घरांची रांग समोर, मागे डोंगर, आणि मी म्हणते विगो. घरी गेल्यावर मला घास गिळवेना."

"हळू बोल जरा," बेरिल म्हणाली आणि तिनं हॉलमध्ये डोकावून पाहिलं. रोलंड अजून आला नव्हता. "आज एडविनची पाळी आहे."

"माझ्याच्यानं होणार नाही," दुधाचा जग न्यायला आलेला एडविन दारातूनच म्हणाला. "मी जन्मभर पोरांना भूगोल शिकवलाय. चुकीचं बंदर माझ्या तोंडातून बाहेरच पडत नाही."

"मग खोक. खोकणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही."

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हाइदमध्ये जहाजांचं कुणाला फारसं कौतुक नाही. पलीकडे साउदॅम्प्टन, मध्ये पाणी. भांडी घासताना खिडकीतून बारा मजली जहाज सरकत गेलं तरी माणसं मान वर करत नाहीत. मान वर करणारे तेवढे चौघे दर मंगळवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये जमत आणि त्यालाच आपलं मंडळ म्हणत. एकानं आपल्या एखाद्या सफरीतला बंदराचा फोटो आणायचा, त्यातल्या पाट्या, झेंडे, नावं काळ्या पट्टीनं झाकायची आणि बाकीच्यांनी बंदर ओळखायचं. नुसतं नाव सांगून भागत नसे. कशावरून, तेही सांगावं लागे. दोर बांधायच्या लोखंडी खुंटांवरून, दिव्यांच्या खांबांवरून, गोदामाच्या छपरावरून. एडविननं एकदा नुसत्या कचऱ्याच्या डब्यावरून फ्रान्समधलं शेरबूर ओळखलं होतं आणि त्या दिवशी तो जरा छाती काढूनच घरी गेला होता. ओळखणाऱ्याला आठवडाभर एक पितळी घंटा घरी न्यायला मिळे. कुणालाच ओळखता आलं नाही तर ती फोटो आणणाऱ्याकडे जाई. असं मात्र सहसा होत नसे.

म्हणजे जानेवारीपर्यंत होत नसे.

जानेवारीत रोलंड पिनक एकटाच आला. तो पूर्वी लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून तो आणि त्याची बायको ग्लेंडा वर्षातून दोनदा सफरीला जायची. मंगळवारी ग्लेंडा त्याला हॉलपर्यंत सोडायची आणि बाहेर गाडीतच मासिक वाचत बसायची. आत या म्हटलं तर हसून मान हलवायची. त्या दिवशी बाहेर गाडी नव्हती. रोलंडनं सांगितलं की ग्लेंडा 'लेडी अ‍ॅलिशिया' जहाजावर जगाच्या सफरीला गेली आहे, चांगली मे महिन्यापर्यंत. त्याच्या कानाचा काहीतरी त्रास होता, तोल जात होता, म्हणून तो मागे राहिला. पण ती बंदराबंदरातून फोटो पाठवणार होती, आणि यापुढे तेच तो इथे आणणार होता.

मग त्यानं पहिला फोटो टेबलावर ठेवला. औषधाच्या दुकानातून मोठा करून छापून आणलेला. लिस्बन. लाल पूल अर्धा काळ्या पट्टीखाली होता, पण अर्धा पूलसुद्धा लिस्बनचाच. एडविननं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. फोटोच्या कोपऱ्यात जोडधुरांड्यांचं एक पांढरं जहाज उभं होतं. ते जहाज केव्हाच गुजरातच्या किनाऱ्यावर तोडून भंगारात गेलं होतं. ते मोडीत निघालं त्या दिवशी एडविननं काळा टाय लावला होता, म्हणजे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

"कालच आला," रोलंड म्हणाला.

टेबलाखाली बेरिलनं एडविनच्या पायावर पाय दिला. कारण त्याच सकाळी डोरीननं तिला फोनवर सांगितलं होतं की डर्बीच्या बाजारात आपल्या मावसबहिणीला ग्लेंडा भेटली. खाटकाकडे मटणाचा एकच चॉप घेत होती. तिनं तिथे एक छोटी जागा भाड्यानं घेतली होती. मावसबहिणीनं विचारलं, डर्बीच का, तर म्हणाली, इथे कुठल्याही खिडकीतून पाणी दिसत नाही, फार बरं वाटतं. पंचवीस-तीस बंदरांत ती उतरली होती आणि प्रत्येक ठिकाणी धक्क्यावर उभी राहून नवऱ्यानं खुंटांचे फोटो काढून होईपर्यंत थांबली होती. गावात जायला वेळ उरलाच नव्हता.

एडविननं तोंड मिटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, "नाही बुवा सांगता येत." घंटा रोलंडकडे गेली.

नंतर तिघांनी स्वयंपाकघरात ठरवलं की काही बोलायचं नाही. बरोबर ओळखलं तर कशावरून ते सांगावं लागणार, त्यावर चर्चा होणार, आणि चर्चेत ते जहाज येणारच. बेरिलचं म्हणणं असं की बोललं तर रोलंड यायचाच बंद होईल. तिला अनुभव होता. तिचा नवरा स्टॅन गेला तेव्हा सगळे इतकं गोड बोलायला लागले होते की ती कित्येक आठवडे घराबाहेरच पडली नव्हती, पावसुद्धा शेजारणीकडून मागवत होती. आणि रोलंड नाही म्हटल्यावर राहणार तिघं. त्यातला एक फोटो दाखवणार. दोघांनी काय एकमेकांकडे बघत बसायचं? हे शेवटचं कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण तिघांच्याही घरी मंगळवारखेरीज दारावरची बेल क्वचितच वाजत होती.

"त्याचा शर्ट पाहिलास?" बेरिल एवढंच म्हणाली. "बाहीवर दोन दोन घड्या. स्वतः इस्त्री करतोय."

फेब्रुवारी गेला. फोटो येत राहिले आणि कुणालाही काहीही ओळखता येईना. गंमत अशी की फोटो दिवसेंदिवस सोपे होत चालले होते. आधी लिस्बन, मग बर्गन, मग एका मंगळवारी रोलंडनं सरळ जिब्राल्टर आणलं. तो खडक पाळण्यातलं पोर ओळखेल. शिवाय त्या दिवशी त्याच्याजवळची काळी पट्टी संपली होती म्हणे, त्यामुळे काही झाकलेलंही नव्हतं. बेरिलनं चष्मा पुसला, फोटो उजेडाला धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "प्लिमथ असावं."

एडविन उठून बाहेर गेला. त्यानं थंडीत हॉलला दोन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे तो आत येऊन बसू शकला.

रोलंड फोटोकडे आणि मग एकेकाकडे बघत राहिला. "प्लिमथ नाही," तो हळूच म्हणाला. आणखी काही बोलेल असं वाटलं, पण डोरीननं घाईघाईनं बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. डोरीनचे केस कापणारी साउदॅम्प्टनच्या अशाच एका मंडळातल्या कुणाची तरी सून होती. तिकडे बातमी गेली की हाइदच्या म्हाताऱ्यांना जिब्राल्टर ओळखता आलं नाही. तिकडच्या चिटणीसबाईंनी बेरिलला फोन केला आणि आजाऱ्याची चौकशी करतात त्या आवाजात विचारलं, नवशिक्यांसाठी आमचं एक व्याख्यान आहे, अगदी पायापासून, ते द्यायला पाठवू का कुणाला तुमच्याकडे? एडविनला हे कळलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो परत उचलला नाही.

"रोलंडला सांगून टाकू या," तो म्हणाला.

"तू सांगतोस?" बेरिलनं विचारलं.

एडविन खोकायला लागला.

आणि मग मे महिना आला, आणि त्याबरोबर 'लेडी अ‍ॅलिशिया'. मंडळाची रीत अशी की कुणीही लांबच्या सफरीवरून परतलं की धक्क्यावर फलक घेऊन जायचं. तिघांनी हा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण एका मंगळवारी चहा ओतताना टेबलावर फारच शांतता पसरली. डोरीनला शांतता सोसत नाही. ती म्हणाली, "जहाज येईल ना आता? आम्ही येऊच ग्लेंडाला घ्यायला." तिला वाटलं, रोलंड म्हणेल, नको, कशाला त्रास. रोलंडला बहुधा वाटलं, आता ही माघार घेईल. तो म्हणाला, "ग्लेंडाला आवडेल." त्यानंतर दोघांनाही मागे फिरता येईना. माणसं शिष्टाचारापायी लग्नंसुद्धा करून बसतात, हे तर नुसतं स्वागत होतं.

बेरिलनं जुन्या चादरीवर निळ्या रंगात लिहिलं: 'ग्लेंडा, तुझं स्वागत'. लिहिताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अक्षर छान आलं. एडविननं आदल्या दिवशी सर्दी झाल्याचं कळवलं. बेरिलनं कळवलं की फलकाची काठी धरायला नाक लागत नाही.

जहाज आलं त्या सकाळी चौघे बसनं पाण्याला वळसा घालून साउदॅम्प्टनच्या टर्मिनलवर पोहोचले. रोलंडनं कोट घातला होता आणि त्याच्या हातात पिवळ्या ट्यूलिपचा गुच्छ होता. तो गुच्छ पाहून डोरीननं तोंड फिरवलं. दारं उघडली. उन्हानं भाजलेली माणसं बॅगा ढकलत बाहेर येऊ लागली. नातवंडं धावत होती, मुलं गाड्यांच्या किल्ल्या वाजवत होती. चौघे चादर ताणून उभे होते आणि प्रत्येक जण चादर सोडून इतर सगळीकडे बघत होता.

एवढ्यात एक उंच, गवती टोपीवाली बाई थबकली. नाकाची सालं निघालेली, हातात काठी. तिनं चादर वाचली. पुन्हा वाचली. मग काठी सोडून तिनं बेरिलला मिठीच मारली.

"मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यासाठी आजवर कधी कुणी आलं नाही. जहाजकंपनीनं पाठवलं का तुम्हाला?"

त्या वयाच्या दीड-दोन हजार माणसांत एकही ग्लेंडा नसती तरच नवल. बेरिलनं बाकीच्यांकडे पाहिलं. तिला खरं सांगायचं झालं, तर आपण कोणत्या ग्लेंडासाठी उभे आहोत, तेही सांगावं लागणार होतं.

"हो," डोरीन म्हणाली. जानेवारीपासून तिची जीभ चांगली तयार झाली होती.

मग काय, स्वागत झालं. बाईनं चादरीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला. सफरीत जेवणाच्या टेबलावर आणखी आठ जण होते, सगळी जोडपी, तीच एकटी, पण माणसं चांगली होती, असं तिनं दोनदा सांगितलं. रोलंडनं पुढे होऊन तिच्या हातात ट्यूलिप दिले. तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला, डोळे पुसले आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून हात हलवत होती.

"चांगली होती बाई," रोलंड म्हणाला.

"हो," एडविन म्हणाला.

शेवटची ढकलगाडी आली. मग एक सफाईवाला आला. मग काचेचं दार सरकून बंद झालं. चादर गुंडाळायला हवी होती, पण गुंडाळायला सुरुवात करणाऱ्यानंच ग्लेंडा येणार नाही असं बोलून टाकल्यासारखं झालं असतं, म्हणून कुणी हात लावला नाही.

रोलंड बाकावर बसला. त्याच्या शेजारी एक एक करून बाकीचेही टेकले. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. "पुढच्या मंगळवारचा आहे," तो म्हणाला. "पण आत्ताच दाखवतो."

फोटोत काहीच झाकलेलं नव्हतं. हेच टर्मिनल, हेच वळणदार छप्पर, हाच बाक. बाकावर ग्लेंडा, शेजारी बॅग. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. पाण्याकडेही बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

तिघांनी फोटोकडे पाहिलं, वर समोर पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. आज चुकायची पाळी कुणाची हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. डोरीनला शांतता सोसत नाही.

"कोपनहेगन?" ती बारीक आवाजात म्हणाली.

"डोरीन," रोलंड म्हणाला, "आपण त्याच बाकावर बसलोय."

रोलंड फोटोच्या कडा अंगठ्यानं सरळ करत राहिला. मग बोलायला लागला, कुणाकडे न बघता. लिस्बनच्या फोटोतलं ते पांढरं जहाज त्याला कापून टाकता आलं असतं. त्यानं मुद्दाम राहू दिलं होतं. त्याला वाटलं होतं, एडविनच्या नजरेतून ते सुटणार नाही, एडविन म्हणेल, अरे, हा कसला फोटो, ग्लेंडा आहे कुठे? एडविन काही बोलला नाही. मग त्याला वाटलं, फोटो अवघड पडला असेल. म्हणून बर्गन आणलं.

"मग जिब्राल्टर," तो म्हणाला. "जिब्राल्टरनंतर माणसानं आणायचं तरी काय, बेरिल?"

"आम्हाला वाटलं, तू यायचा बंद होशील," बेरिल म्हणाली.

"दर मंगळवारी निघताना वाटायचं, आज कुणीतरी विचारणार. आणि दर मंगळवारी ती घंटा घेऊन परत. माझ्या तोंडून निघतच नाही गं. तिच्या सख्ख्या बहिणीचा फोन आला, तर तिलासुद्धा मी सांगितलं, ग्लेंडा सफरीला गेलीय. ती म्हणाली, हो का? तिला सगळं माहीत होतं, तरी म्हणाली, हो का."

एडविननं हात पुढे केला. रोलंडनं फोटो त्याला दिला. एडविन उभा राहिला. त्यानं फोटो हातभर लांब धरला, घसा साफ केला, आणि या वेळी तो खोकला नाही.

"साउदॅम्प्टन," तो म्हणाला. "छपराच्या वळणावरून. फोटोत खांब अजून निळे आहेत, म्हणजे फोटो निदान चार वर्षांपूर्वीचा." त्यानं एक श्वास घेतला. "ग्लेंडा कुठल्याही जहाजावर नाही. ती डर्बीला राहते. ती तुला सोडून गेलीय, रोलंड, आणि आता परत येणार नाही."

रोलंडनं सावकाश मान हलवली.

"बरोबर," तो म्हणाला.