मौनाची घंटा

वर्ध्याजवळ नालवाडीला चुलतभावाच्या दाराला कुलूप होतं. प्रभाकररावांनी ते पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं, जणू ओढल्याने आत स्वयंपाक तयार होणार होता.

"आता जेवाचं काय? आन् गाडी चुकली म्हंजे?"

"बाबा, गाडीले लय वेळ हाये अजून," त्यांची मुलगी शोभा म्हणाली.

"वेळ हाये म्हनता म्हनताच चुकते गाडी!"

प्रभाकरराव हिंगणघाटला कापसाची दलाली करत. गाडी यायच्या कितीतरी आधी फलाटावर जाऊन रुळांकडे बघत उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज ते वर्ध्याला आले होते ते बायकोच्या व्रतापायी. अन्नपूर्णाबाईंनी चातुर्मासात काष्ठमौनाने जेवायचा नेम धरला होता. पानावर बसलं की शब्द नाही, खूण नाही, आणि वाढलेलं काही टाकायचं नाही. उद्या एकादशीचा उपास, परवा द्वादशीला उद्यापन. त्यात ब्राह्मणाला पितळी घंटा दान द्यायची असते. ती घंटा आत्ताच घेतली होती आणि प्रभाकररावांच्या हातातल्या पिशवीत होती.

एवढा नेम पाळला गेला होता आणि आता शेवटचंच जेवण उरलं होतं. अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, "अजी, मी उपाशी राह्यते. घरी जाऊन खाईन काई."

"काऊन? नवरा मेला काय तुया? चाल, टेशनाजवळ मद्राशाचं हाटेल हाये."

हॉटेलवाल्या अण्णांनी कांदा-लसूण नसल्याची देवाशपथ ग्वाही दिली, तेव्हा कुठे त्या आत शिरल्या. एका बाकावर तिघं बसली. समोर सेलूच्या केळीची हिरवीगार पानं पडली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवराबायको शेजारी जेवायला बसली ती त्या दिवशी पहिल्यांदाच. घरी आधी ते जेवत, आणि भाजीत मीठ कमी, वरणात मीठ जास्त असं सांगून उठत. मग त्या बसत. शोभा वाढत असे. आई किती खाते, हे तिला न विचारता ठाऊक होतं.

मद्राशाच्या वाढप्याला ते ठाऊक नव्हतं.

"अम्मा, राइस?"

अन्नपूर्णाबाई खाली मान घालून जेवत होत्या. पळीभर भात पडला. त्यांनी तो संपवत आणला, तर सांबार आलं. सांबार संपवायला भात, भात संपवायला रस्सम.

"बस झालं गा, तिले नोको वाढू!" प्रभाकरराव ओरडले. पिशवी त्यांनी गुडघ्याशी धरली होती आणि गाडीच्या काळजीने गुडघा एकसारखा हलत होता.

वाढपी गोंधळला. "अम्मा नै बोला."

"ती नाई बोलत! तिचं मौन हाये!"

पलीकडच्या बाकावर पुलगावच्या कोणी देवकाबाई जेवत होत्या. त्यांनी पदर सावरला. "तुमच्यापुढं कोन बोलन, दादा? मौनच राह्यते बिचारी."

"अवो बाई, व्रत हाये तिचं!"

"हो, असनच. उपासाचंई असन एखांदं. पोटभर जेवाचे पैसे तं एकच लागते, मंग बायकोच्या तोंडचा घास काऊन काढता?"

हॉटेलातल्या माना वळल्या. कोणीतरी "च् च्" केलं. अण्णा गल्ला सोडून उठले आणि स्वतः तुपाची वाटी घेऊन आले. "हमारा अम्मा भी ऐसाच शरमाता था," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि पानात एक मूद आणखी लावली.

"आई, पान रिकामं झालं का मी दुमडते," शोभा कुजबुजली. पान दुमडलं की इथे वाढायचे थांबतात, हे तिने पाहून ठेवलं होतं. "पन रिकामं होऊच नाई देत हे लोकं!"

पान रिकामं होत नव्हतं. वाढपी क्षणाक्षणाला धावत येत होता. अन्नपूर्णाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. घास तोंडाशी जाऊन थांबू लागला. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ मिटलेले होते. प्रभाकररावांनी त्यांना जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. ते बघत राहिले. दूर कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली.

आणि भर हॉटेलात हिंगणघाटच्या त्या दलालाने बायकोच्या पानात हात घातला.

"अगो माय!" देवकाबाईंचा घास हातातच राहिला. नवऱ्याच्या पानात बायको जेवते हे सगळ्यांनी पाहिलं होतं. हे कोणी पाहिलं नव्हतं.

"शोभे, गाडी..." प्रभाकरराव भरल्या तोंडाने सुरू झाले.

"बाबा! आईच्या पानात हात हाये तुमचा. आता बोलू नोका. तिचं मौन मोडन."

प्रभाकररावांनी तोंड मिटलं. हॉटेल एकदम शांत झालं. त्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. *टण्.*

वाढपी भाताची बादली घेऊन धावत आला. अण्णांच्या गल्ल्यावरही घंटी होती, ती वाजली की वाढप्याने धावत जाऊन वाढायचं, ही तिथली रीत. पण अण्णा तर इथे तूप धरून उभे होते.

*टण्. टण्.*

प्रभाकररावांनी आपल्या हलत्या गुडघ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग बायकोच्या पानातल्या भाताकडे. त्यांना खूप काही बोलायचं होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता.

"साब, राइस?" वाढप्याने पळी उचलली.

त्यांचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले. मान हलवायचीही सोय नव्हती. भात पडला.

शोभाने बाकाखाली वाकून पिशवी ओढून घेतली आणि घंटेची जीभ मुठीत धरून बसली. मग कोणी आलं नाही. नवराबायको दोघं एका पानात खाली मान घालून जेवत राहिली, शेवटचं शीत उचलेपर्यंत. शोभाने पान दुमडलं.

फलाटावर पोचेपर्यंत त्यांची बल्लारशाची पॅसेंजर निघून गेली होती. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत तिघं बाकावर बसली. आता आकांत होणार म्हणून शोभाने जीव मुठीत धरला. पण प्रभाकरराव रुळांकडे बघतसुद्धा नव्हते.

"अजी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "माया पायी गाडी चुकली तुमची."

"सांबारात मीठ..." प्रभाकररावांनी सुरुवात केली.

सवयीने दोघींच्या माना खाली गेल्या.

"...बरोबर होतं," ते म्हणाले.