धावपट्टीतला आप्पांचा वाटा

आमच्या केंदूरवरून विमान गेलं की आप्पा बोलता बोलता थांबतात. मयतीला बसलेले असोत की लग्नाच्या पंगतीला, मान वर करून एकच विचारतात, "मिलिटरीचं की पब्लिकचं?" कोणीतरी काहीतरी ठोकून देतं, मग बोलणं पुढं सरकतं.

आप्पा माझे शेजारी. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो, सुट्टीला गावी येतो. आलो की आप्पा पेपर घेऊन हजर. पुण्याचा विमानतळ इंग्रजांच्या काळातला. एकाच धावपट्टीवर लष्कराचीही विमानं उतरतात आणि प्रवाशांचीही. ती लांबवायची तर खर्च कोणी किती उचलायचा, यावर बोलणी चालू. जन्मात विमानात न बसलेल्या आप्पांना तेवढीच बातमी हवी असते.

"काय ठरलं, आप्पा?"

"पुन्हा बैठक हाय म्हंत्यात. आरं, वापरणारे दोघं, पट्टी एक. हिश्शानं बोलाय नको का?"

एकदा ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालला असताना ते उठले. "विमानं आपल्या गावावरनं वळत्यात. आपला बी वाटा लिहून घ्या."

सरपंचांनी पेन उघडून विचारलं, "किती लिहू, आप्पा?"

सभा हसली. आप्पा गुमान खाली बसले.

यांना त्या पट्टीचं एवढं काय पडलंय, मला कळेना.

गेल्या महिन्यात मी कामावर निघालो, तर आप्पा धुतलेलं धोतर नेसून माझ्या मोटरसायकलपाशी उभे. "खुटबावला सोड. तुझ्या वाटंवरच हाय."

तळेगाव मागं पडल्यावर ते पाठीमागून बोलायला लागले. खुटबावला त्यांचे थोरले भाऊ, दादा. केंदुरात दोघांची विहीर एक होती. गाळ काढायला दादांनी निम्मा खर्च मागितला, आप्पा नाही म्हणाले. दादा उठून सासुरवाडीला गेले, ते तिकडंच राहिले.

"तेव्हापासून बोलणं नाही?"

"न्हाई. सव्वीस वरसं झाली. विहीर बी बुजली."

दादा ओसरीवर बसले होते. आप्पांनी त्यांचे पाय धरले आणि थेट विमानतळाचं सांगायला घेतलं. लष्कर, प्रवासी, बैठका. दादा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग आधी हिस्सा कुणी टाकायचा?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ज्यानं आधी न्हाई म्हणलं, त्यानं."

दादांनी आत हाक दिली, "आगं, धाकटा आलाय. भाकरी टाक."

मी शिफ्टचं सांगून उठलो. मला जेवायला थांब म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.