गारगोटीच्या गिरणीची पाहणी

धोका घडण्याआधीच टाळणे हे सुसंस्कृत कंपनीचे पहिले कर्तव्य होय. टाळता आला नाही, तर तो निदान आपल्या आवाराबाहेर घडावा, हे दुसरे.

शहराच्या सदर भागातल्या एका भांडी घासायच्या पावडरीच्या कंपनीला ही दोन्ही कर्तव्ये १९७८ साली एकदमच आठवली. मुंबईच्या बड्या गिऱ्हाइकाने लिहून मागितले होते: तुम्हाला माल पुरवणाऱ्यांकडे माणसांना आणि पाण्याला अपाय होत नाही ना? कंपनीने तातडीने धोका प्रतिबंधक कक्ष उघडला (एक टेबल, एक टाइपरायटर) आणि त्यावर टायपिस्ट प्रेमिलाची नेमणूक केली. तिचे वडील देवराव कंपनीला पावडरीचा माल पुरवणाऱ्या कळमेश्वरजवळच्या गिरणीत अकरा वर्षे गारगोटी दळत होते, आणि दोन महिन्यांपूर्वी खोकून खोकून वारले होते. म्हणजे विषयाची माहिती तिला घरूनच होती.

पाहणी शास्त्रोक्त झाली. आठ दिवस आधी कळवल्यामुळे गिरणी बंद ठेवून धुतलेली होती, दारात रांगोळी होती (तीही गारगोटीचीच). बंद गिरणीत धूळ आढळली नाही. मागचा नाला दुधासारखा पांढरा होता, पण गावच्या म्हशी त्याला तोंड लावत नसल्याने जनावरांना धोका शून्य टक्के. खोकणारा कामगार तर औषधालाही सापडेना. खोकला लागला की ठेकेदार हजेरीपटावरून नाव काढतो. ही पद्धत इतकी गुणकारी, की गिरणीत आजवर एकही मृत्यू नाही.

प्रेमिलाला एकच हवे होते: मृत्यूच्या रकान्यात देवरावांचे नाव. चाळणीवर काम करणाऱ्या रंभाबाईकडे तिने साक्षीचा अंगठा मागितला.

"काहून लिहून राहिली वं पोरी? तुहा बाप घरी मेला. इथं मराची परवानगी कोनाले हाय?"

"तरी दे ना वं, मावशी."

रंभाबाईने अंगठा उमटवला. "माह्यासाठी बी एक ओळ सोडून ठेव."

मॅनेजर दत्तोपंत भले गृहस्थ. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. "प्रेमिलाबाई, दुःख समजतं मला. पण देवराव खाटेवर गेले ना? ती खाट आपल्या पुरवठादाराची होती काय?"

"आमचीच होती, साहेब."

"मग झालं तर!" त्यांनी नाव खोडले, आणि सहानुभूती म्हणून अर्ध्या दिवसाची रजा दिली. अहवाल टाइप झाल्यावर घ्यायची.

प्रेमिलाने टाइप केले. मृत्यू: निरंक. आजार: निरंक. पाण्याला अपाय: निरंक. शेवटचा रकाना होता, 'घरगुती ग्राहकांनी कामगारांविषयी केलेली विचारपूस'. तो मात्र तिने अंदाजाने भरला नाही. पाच वर्षांची पत्रे काढून एकेक वाचली. डबा गंजतो. पितळेवर डाग राहतात. वास उग्र आहे. एका ताईंच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आपल्यापैकी कोणाकोणाची पत्रे त्यात होती, अक्षर सुरेख होते. पावडर दळतो कोण, हे कोणीही विचारले नव्हते.

तिने चौथ्यांदा निरंक टाइप केले. अख्ख्या अहवालात तेवढेच एक खरे होते.